बियांसकट उकळलेला चहा

पोलिसांचा नाका दिसताच माल्सुनने लेकीचा, वोल्शिमचा, हात घट्ट दाबला आणि बोळक्या तोंडाने पुटपुटली, "दात दाखवू नकोस, पोरी. काही झालं तरी."

सांदोंगच्या बाया लहानपणापासून सान्सुयूची लाल फळं पुढच्या दातांत धरून बी काढत. बी पोटात गेली तर बाधते, म्हणून नुसता गर वाळवायचा आणि त्याचाच चहा करायचा. या कामात दात झिजत, आणि परक्या बाजारातही सांदोंगची बाई हसली की ओळखू येई. एरवी त्यावरून थट्टा व्हायची. या हिवाळ्यात मात्र गावची काही पोरं बंडखोरांबरोबर डोंगरात गेली होती. वोल्शिमचा भाऊही गेला होता. सांदोंगचं माणूस हाती लागलं की पोलीस घेऊन जात, आणि गेलेलं परत येत नसे.

"कुठल्या गं तुम्ही?"

"गोक्सोंगच्या, साहेब. ही माझी लेक. जन्माची मुकी आहे."

"मग हिचा नवरा सुखात राहील की!" शेकोटीपाशी बसलेला पोलीस हसला. पोरगेलाच होता. वोल्शिमचे काळेनिळे ओठ बघून त्याने किटलीतला चहा वाडग्यात ओतला. "घे, जरा ऊब येऊ दे अंगात. मग जा."

माल्सुनने वाडग्यात पाहिलं. कुणाच्या तरी अंगणातून उचललेली फळं बियांसकटच उकळली होती. ती टम्म फुगून वर आली होती.

वोल्शिम कालपासून उपाशी होती. चहाबरोबर एक फळ तोंडात गेलं आणि दातांनी आपलं काम केलं. स्वच्छ, अख्खी बी तिने तळहातावर काढली. मग तिचं तिलाच कळलं.

पोलीस त्या बीकडे बघत राहिला.

"आम्ही बियांसकट गिळतो," तो हळूच म्हणाला. "तोंड उघड बघू."

तिने उघडलं. त्याने मान वळवून शिपायांना हाक मारली.

"दादा, आईला सोडा," मुकी म्हणवलेली वोल्शिम बोलली. "ती गोक्सोंगचीच आहे."

"खोटं बोलतेय ती!" माल्सुन ओरडली. "मी पण सांदोंगची! हे बघा!" तिने जबडा वासला.

पोलिसाने वाकून पाहिलं. "काय बघू, आजी? दात आहेत कुठे? जा, घरी जा."

वोल्शिमला घेऊन ट्रक वळणाआड गेला, तरी माल्सुन तोंड उघडं ठेवून तिथेच उभी होती.