मांडीभर प्राणी

कर्रर्र... टक्, टक्.

घरात इतकी शांतता होती की कोपऱ्यातल्या टोपलीतलं चावीचं बदक दोन पावलं चाललं, ते तिला कपाट कोसळल्यासारखं ऐकू आलं. सकाळी लेकीनं त्याला अर्धवट चावी देऊन टाकून दिलं असणार, आणि उरलेली चावी बेट्याला नेमकी आत्ता आठवली. पेन हातात तसंच धरून ती श्वास रोखून बसली. आतल्या खोलीत लेक कुशीवर वळली, झोपेतच काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा गाढ झाली. सुटले! शनिवारची दुपार, नवरा सासूबाईंना घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलेला, म्हणजे हातात फार तर पाऊण तास. आई झाल्यापासून तिचं सगळं शिक्षण असल्या पाऊण-पाऊण तासांवरच चाललं होतं.

शिक्षण कसलं, हे नात्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी विचारून झालं होतं. लहान मुलांना मनातलं बोलून दाखवता येत नाही, ती ते खेळून दाखवतात. तो खेळ समजून घ्यायचा आणि त्यातूनच त्यांना सावरायला मदत करायची, असं तिचं होऊ घातलेलं काम. प्ले थेरपिस्ट. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे दोन वर्षं कॉलेजात जाऊन तू खेळायला शिकणार? अगं, मग पोरीलाच पाठव की. ती आत्ताच पास होईल."

आणि सासूबाईंचं फारसं चुकलंही नव्हतं. या विद्येत शिकायचं कमी, विसरायचंच जास्त. मुलाला प्रश्न विचारायचे नाहीत. बाहुली उलटी धरली तर सुलटी करून द्यायची नाही. शाबासकी तर नाहीच नाही, कारण एकदा "छान" म्हटलं की मूल स्वतःसाठी खेळायचं सोडून तुमच्यासाठी खेळायला लागतं. दिसतं तेवढं बोलायचं आणि मूल नेईल तिकडे मागोमाग जायचं. प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग व्हायचं, आणि मार्गदर्शक मॅडम ते लाल पेन हातात घेऊन बघायच्या. वर्गात त्यांचं नावच 'लाल पेन' पडलं होतं. तिच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये चाळीस मिनिटांत एकोणीस वेळा "छान" निघालं. कागदाला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

मग सवय व्हावी म्हणून तिनं घरी लेकीवर सराव सुरू केला. लेकीनं ठोकळ्यांचा मनोरा लाथेनं उडवला की ही शांतपणे म्हणायची, "तू मनोरा पाडलास. तुला खूप राग आलाय."

चार दिवस लेकीनं सहन केलं. पाचव्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, मला माहितीये ना मीच पाडला ते! तू नीट ओरड ना. आधीसारखी."

आता मात्र परीक्षा सुरू होती, आणि परीक्षा म्हणजे पेपर नव्हे. एकाच मुलाला बारा वेळा भेटायचं, आठवड्यातून एकदा, आणि त्या बारा भेटी मॅडमनी पास करायच्या. तिच्या वाट्याला आली होती पाच वर्षांची एक मुलगी. वहीत मुलांची खरी नावं लिहायची नाहीत हा नियम, म्हणून तिनं त्या मुलीचं नाव ठेवलं होतं मुंगी. खेळण्याच्या खोलीत आली की ही पोर फळीवरचा एकेक प्राणी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची. एका वेळी एकच. हत्ती, मग परत फळीपाशी, मग सिंह, मग परत. सगळं बिऱ्हाड हलवून होईपर्यंत कुणाशी शब्द नाही.

मुंगीचा बाबा एका पहाटे बॅग घेऊन निघून गेला होता. दुसरं घर, दुसरा संसार. मुंगी तेव्हा झोपेत होती. "उठवलं नाही हो मी तिला," तिची आई पहिल्या दिवशी म्हणाली होती, आणि हातातल्या रुमालाची घडी घालत, मोडत राहिली होती. "रडली असती ना, ताई. म्हटलं, हळूहळू कळेल." कळलं ते असं, की आता मुंगी आईला नजरेआड होऊ देत नव्हती. आई अंघोळीला गेली तर दाराला पाठ लावून बसायची. झोपायचं नाव काढलं की डोळे ताणून जागी राहायची.

तीच मुंगी गेल्या तीन आठवड्यांपासून आईला बाहेरच्या बाकावर सोडून एकटी आत यायला लागली होती. चौथ्या भेटीला हिच्याजवळ सरकून बसली. सहाव्या भेटीला हसली. आणि आठवी भेट संपताना हिला मुंगीला सांगायचं होतं, की आता चारच उरल्या.

खरं तर पहिल्या दिवशीच सांगून झालं होतं. पण पाच वर्षांच्या जीवाला 'बारा' म्हणजे किती? म्हणून नियम असा, की चार उरल्या की पुन्हा सांगायचं, डोळ्यांना दिसेल असं. कागदाची एक पट्टी, तिच्यावर चार चौकटी. दर भेटीला मुलानंच एक चौकट रंगवायची. पट्टी तिच्या पर्समध्ये तयार होती. आठव्या भेटीला ती पर्समधून बाहेर आलीच नाही.

काल मॅडमनी ते रेकॉर्डिंग नेमकं अडतिसाव्या मिनिटाला थांबवलं.

"इथे तू तोंड उघडलंस. काय म्हणणार होतीस?"

"की आता चार भेटी राहिल्या."

"आणि म्हणालीस काय?"

तिनं मान खाली घातली. "'चला, हात धुऊया.'"

"हात कशाला?" मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "वाळूला तर ती त्या दिवशी शिवलीसुद्धा नाही. स्वच्छ हात धुवायला नेलंस बिचारीला. आणि गेली ती गुपचूप, तू म्हणालीस म्हणून."

पडद्यावर मुंगी बेसिनपाशी टाचा उंचावून उभी होती. ते बघताना तिला हसूही आलं आणि रडूही आलं.

"मॅडम, आत्ता कुठे तिचा विश्वास बसतोय हो. सांगितलं तर ती—"

"रडेल," मॅडम म्हणाल्या.

रुमालाची घडी घालत, मोडत बसलेली मुंगीची आई तिला त्या एका शब्दात समोर दिसली. तिची कानशिलं तापली.

"पुढच्या भेटीत, आत शिरल्या शिरल्या सांगायचं," मॅडम म्हणाल्या. "नाही सांगितलंस तर मी ही केस पास करणार नाही. वर्ष गेलं तरी चालेल. तुझं वर्ष पुन्हा करता येतं, तिचं नाही." मग लाल पेनाचं टोपण लावत हळू आवाजात त्यांनी जोडलं, "मी शिकत होते तेव्हा, माझ्या पहिल्या केसमधल्या मुलाच्या वेळी शेवटचे दोन आठवडे आजारी पडले होते. ताप नव्हता, काही नव्हतं. तो अजून आठवतो मला."

तर असं होतं सगळं, आणि वहीच्या पानावर अजून एकच वाक्य होतं: 'आज धरून चार वेळा आपण इथे भेटणार.' त्यापुढे तिनं 'पण' लिहिलं होतं. खोडलं होतं. पुन्हा लिहिलं होतं.

दारात किल्ली वाजली. सासूबाई नवा चष्मा लावून थेट आरशाकडे गेल्या. नवरा वहीत डोकावला.

"मी होतो मुंगी," तो म्हणाला. "म्हण माझ्यासमोर. सराव होईल." आणि परवानगीची वाट न बघता सहा फूट उंचीचा तो गडी फरशीवर फतकल मारून बसला, ओठ बाहेर काढून.

"आज धरून चार वेळा आपण इथे भेटणार," ती म्हणाली. "मग आपलं इथलं भेटणं संपणार. पण आपण खूप मजा—"

"मग मी कुठे ज्याऊऊ?" नवऱ्यानं गळा काढला.

"अरे, मुलं असं बोलत नाहीत! आणि हळू, ती झोपलीये."

पण ती उठलीच होती. दारात डोळे चोळत उभी राहून तिनं बापाकडे पाहिलं. "बाबा, तू लहान का झालास?"

"आईची परीक्षा आहे."

"मग तू नापास हो, आई पास होईल," लेक म्हणाली आणि येऊन त्याच्या पाठीवर चढली.

सासूबाई आरशापुढून म्हणाल्या, "सूनबाई, मला यातलं काही कळत नाही. पण तू 'पण' म्हणालीस ना, तिथे मी असते तर ऐकायचं सोडून दिलं असतं. 'पण'नंतर माणसं थापाच मारतात."

तिनं पेन घेतलं आणि 'पण' पुरता गिरगटून टाकला.

मंगळवारी ती खोलीत पंधरा मिनिटं आधीच पोचली. प्राणी फळीवर नीट मांडले, बाहुल्यांच्या घराची दारं उघडली, वाळूचा ट्रे सरळ केला, जो आधीच सरळ होता. कोपऱ्यातल्या तिकाटण्यावर कॅमेऱ्याचा लाल ठिपका पेटला.

मुंगी आत आली. चपला काढून एकीला एक चिकटवून ठेवल्या. आणि सवयीनं फळीकडे वळली, एवढ्यात ही तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि पट्टी पुढे धरून म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय. या चार चौकटी. आज धरून चार वेळा आपण इथे भेटणार. मग आपलं इथलं भेटणं संपणार."

झालं. वाक्य संपलं. पुढचा 'पण' जिभेच्या अगदी टोकावर येऊन बसला होता. तिनं तो आवंढ्याबरोबर गिळला.

मुंगीनं पट्टीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. रडली नाही, काही नाही. फळीपाशी गेली, हत्ती उचलला. पण आज हत्ती कोपऱ्यात गेला नाही. मुंगी तो घेऊन सरळ तिच्याकडे आली आणि तिच्या मांडीवर ठेवला.

मग सिंह. मग परत फळीपाशी. मग गाय, तिचं वासरू, तीन पायांचा घोडा. एका वेळी एकच, नेहमीसारखं. ती मांडी घालून बसली होती ती तशीच राहिली. प्राणी संपले तेव्हा गाड्या आल्या, गाड्या संपल्या तेव्हा बाहुल्यांच्या घरातला पलंग, टेबल, माणसं, सगळं. तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. काहीतरी गोड, धीराचं बोलावं म्हणून आतली आई धडपडत होती. पण ते आपल्याच जिवाला गार वाटावं म्हणून बोलणं झालं असतं, हे आता तिला कळत होतं.

"इतकं सगळं माझ्या मांडीवर," ती एवढंच म्हणाली.

मुंगी जिराफ घेऊन आली.

"आता मला उठताच येणार नाही."

"हो," मुंगी म्हणाली. तिनं जिराफ ढिगाच्या वर ठेवला. तो घसरला, पुन्हा ठेवला, आणि हातानं दाबून धरला.

"मी जाऊच नये, असं वाटतंय तुला."

ढिगाला वळसा घालून मुंगी मागे गेली आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली. दाराला लावून बसायची, तशीच असावी. त्या एवढ्याशा पाठीचा धक्का तिला दर श्वासाबरोबर जाणवत होता. आधी भरभर. मग जरा सावकाश. बराच वेळ दोघी तशाच बसून राहिल्या. वर्गातल्या मैत्रिणी हे रेकॉर्डिंग बघतील तर म्हणतील, या भेटीत तर काहीच घडलं नाही.

"पाच मिनिटं राहिलीत," शेवटी तिनं सांगितलं. आज आवाज फुटला, आणि हात धुवायची आठवण झाली नाही.

मुंगी उठली. खडूंच्या डब्यात बराच वेळ शोधून तिनं हिरवा खडू काढला, जमिनीवर पोटावर झोपून पट्टी पुढे ओढली आणि पहिली चौकट रंगवायला घेतली, रेषेच्या बाहेर जराही न जाता. मग उरलेल्या चौकटींवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन.

"हे तुला आधीच माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो. आणि मी गेल्या वेळीच सांगायला हवं होतं. माझ्याच्यानं सांगवलं नाही."

मुंगीनं खडू डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि मांडीवरच्या ढिगातून डोकं काढून बघणाऱ्या जिराफाला सरळ करत, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"ताई, बाबाला पण माहीत होतं? किती चौकटी उरल्यात ते?"