उजव्या टोकाचा घोडा

बाबांच्या कबरीपाशी त्यांचा घोडा अरेव उभा होता. खोगीर उलटं बांधलेलं, अंगावर पाखरेचं चिलखत नाही. आमच्याकडे धन्यामागून घोडा कबरीपर्यंत येतो, आणि माती लोटली की वारसाने त्याची आयाळ आणि शेपटीचे केस कापायचे. तो घोड्याचा शोक. केस पुन्हा वाढेपर्यंत त्याला युद्धावर नेत नाहीत.

वारस मीच. बाबांना मुलगा नव्हता. ममकान आत्याने लोकर कापायची कात्री माझ्या हातात दिली.

"काप, वानेनी."

मी ताचातकाकांकडे पाहत होते.

काका आणि बाबा एकाच दाईच्या दुधावर वाढले आणि आयुष्यभर घोडदळाच्या फळीत शेजारी शेजारी लढले. शरदातल्या लढाईत काकांचा घोडा पडला, आणि बाबांना अशी जखम झाली की ती हिवाळा संपला तरी भरली नाही. आता एक स्वार घोड्यावाचून होता आणि एक घोडा स्वारावाचून. ईस्टरनंतर शिराकच्या मैदानात राजाच्या सैन्याची हजेरी होती. आमच्या घराण्याचा एक जरी स्वार कमी भरला, तर फळीचं उजवं टोक आमच्याकडून जाणार होतं. टोकाच्या स्वाराला उजवीकडे कुणाचीच ढाल नसते. म्हणून तो मान, आणि तो माझ्या पणजोबांपासून आमचा. भाले आणि चिलखतं विकत मिळतात. पाखर अंगावर घेऊन भाल्यांच्या भिंतीवर चालून जाणारा घोडा घडवायला वर्षं जातात. मी वाचलेल्या इतिहासांत राजे आणि सेनापती नावानिशी मरतात; घोड्यांची नावं कुणी लिहीत नाही.

"आत्या, आयाळ कापली तर हजेरीला घोडा नाही."

"म्हणून माझ्या भावाला, ह्राहातला, शोक नको? मेंढपाळासारखा पुरायचा त्याला?"

"मेंढपाळ असता तर आज बरा जिवंत असता," काका पुटपुटले.

"ताचात, तू गप्प बस. तुझा नुसता घोडा पडला, माझा भाऊ गेला."

मी डोक्यावरचा रुमाल सोडला, वेणी मानेपाशी धरली आणि कात्री चालवली. मेंढ्यांसाठीची कात्री ती. केस कापले कमी, ओढले जास्त. अरेव मान खाली घालून उभा राहिला. मी वेणी त्याच्या आयाळीत गुंतवू लागले.

"हे कुठे वाचलंस? मठातल्या पुस्तकांत?" आत्याने विचारलं.

"कुठेच नाही."

"वाटलंच." तिने वेणीची गाठ ओढून पाहिली. मग आपल्या कमरपट्ट्याची दोरी सोडून पुढे आली. "सर बाजूला. अशी बांधलीस तर पहिल्याच दौडीत चिखलात पडेल."

शिराकच्या मैदानात आम्ही पोचलो तेव्हा उजव्या टोकावर एक स्वार आधीच उभा होता. शेजारच्या खोऱ्यातल्या सरदार अपिरातचा माणूस; अपिरात स्वतः बाजूलाच होता.

"ह्राहात गेला," अपिरात म्हणाला, "म्हटलं, जागा रिकामी दिसायला नको."

"मढं गार व्हायच्या आत गादी उबदार केलीस की रे!" काका म्हणाले.

"आणि हा घोडा वेणी माळून कुठल्या लग्नाला निघालाय?" अपिरात हजेरीच्या अधिकाऱ्याकडे वळला. "साहेब, घोडा शोकात आहे. असा घोडा मोजत नाहीत."

अधिकारी म्हातारा होता. त्याने अरेवच्या आयाळीतून हात फिरवला, मागे जाऊन शेपूट पाहिलं.

"केस तर पुरे आहेत. मग शोक कुणाचा?"

एवढ्या पुरुषांसमोर मी रुमाल काढला. "माझा."

कुणी हसलं नाही.

"घोडा हजेरीत धरला," तो म्हणाला. "पण टोकावरून भांडत बसायला मला वेळ नाही. शिंग वाजलं की जागा धरा; जो जिथे टिकेल, तिथे मोजीन."

शिंग वाजलं. अरेववर बसलेल्या काकांनी लगाम ढिला सोडला, बस एवढंच. अरेव घाई न करता, इकडेतिकडे न बघता सरळ उजव्या टोकाकडे, बाबांच्या नेहमीच्या जागेकडे, गेला आणि त्याने अपिरातच्या माणसाच्या घोड्याला छातीने रेटलं. तो घोडा फुरफुरला, मागे सरला, आणि स्वार खोगिरावरून निम्मा लोंबकळला. सगळी फळी हसली.

"अरे, आवर त्याला!" अपिरात ओरडला.

"कसा आवरू? धनी ह्राहात आहे त्याचा," काका म्हणाले. "मी नुसता वर बसलोय."

"उजवं टोक," अधिकाऱ्याने पुकारलं, "ह्राहातचं घराणं."

अरेव अर्धं पाऊल डावीकडे सरला आणि शेजारच्या घोड्याला खेटून उभा राहिला. बाबांनी पागेमागच्या कुरणात रोज पहाटे त्याच्याकडून हेच घोटून घेतलं होतं. मग त्याच्यापासून सुरू होऊन, एकेक घोडा करत, सबंध फळी सरळ झाली.

वाऱ्याने मान गार पडली. माझा हात सवयीने वेणीकडे गेला. ती तिकडे होती, टोकाला, जिथे उजवीकडे कुणाचीच ढाल नसते.