हिरवी वाढली, निळी वाढली

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत कमी आचेवर वितळणारी काच बनते. आच कमी, म्हणून इंधन कमी, धूरही कमी. प्रश्न एवढाच की ती रोजच्या पाण्यात टिकते का. म्हणून तिच्या बांगड्या करून महिनाभरासाठी सासूबाईंच्या, म्हणजे राजाबाईंच्या हातात भरल्या. आमच्या घरात भांड्याच्या पाण्यात हात त्यांचाच असतो, मी एम.एस्सी. आहे. सोबत मी एक तक्ताही दिला: तारीख, बांगडी, काय बदल झाला.

पंधरा दिवसांनी तक्ता पाहिला. 'हिरवी – वाढली. निळी – वाढली.'

काच पाणी पिऊन फुगतेय! आणि माझी दहा महिन्यांची अंकिता दिवसभर आजीच्या बांगड्या चघळते. तिचा चमचा मी तीनदा उकळते. लगेच प्रयोगशाळेचे प्रमुख मल्लिनाथ सरांना फोन करून काच फुगत असल्याचं सांगितलं. सर म्हणाले, मग उद्या काम बंद करू, दोन वर्षं गेली म्हणायची.

त्यानंतर मला मोजमाप घ्यायचं सुचलं. व्हर्निअर घेऊन स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेले. त्यांना मी आत्या म्हणते.

"आत्या, वाढलेल्या बांगड्या दाखवा."

त्यांनी फडताळातून कागदाची पुडी काढली. आत तुकडे.

"या तर फुटल्यात."

"मग मी काय लिवलंय? वाढली म्हनूनच लिवलंय की. सवाशीण बाई बांगडीला तसलं बोलती व्हय? आईनं शिकवलं न्हाय?"

शिकवलं होतं. पण तक्ता समोर आला की माझं मराठी रजेवर जातं.

हिरवी नळावर आपटली होती, निळी अंकिताने ओढली होती. बारीक कण त्यांनी कणकेच्या गोळ्याने टिपले होते. तरी मी टॉर्च घेऊन फरशीवर रांगले. अंकिताला वाटलं, आई शेवटी माणसात आली. तीही मागे रांगत आली. मग सासूबाईंच्या हातातल्या उरलेल्या बांगड्या मोजल्या. केसभरही फरक नाही.

सरांना पुन्हा फोन लावला. "सर, काच वाढली नाही. म्हणजे, वाढली, पण वाढली नाही."



"सुकन्या, बांगडी वाढली का?"

"हो सर."

सर हसले. नळावर आपटून कुठली काच राहते, म्हणाले. काम चालू ठेवू, फक्त तक्त्यात नीट शास्त्रीय शब्द लिहा.

मी पेन घेतलं. 'फु' लिहिलं. स्वतःच्या मनगटातल्या बांगड्यांकडे नजर गेली. ते खोडलं आणि लिहिलं: 'हिरवी – तुकडे तीन.'