बॅरलमध्ये उरलेला माल

सरासरी हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकंच फिरतं.

सुप्याच्या आमच्या कारखान्यात दुधाच्या पिशव्यांची पांढरी फिल्म बनते. वरून प्लास्टिकचे दाणे टाकायचे. तापलेल्या बॅरलमधला, म्हणजे पोलादी नळकांड्यातला, स्क्रू ते वितळवत पुढे ढकलतो आणि तोंडातून फिल्म निघते. माल आत किती वेळ राहतो, याचं गणित इथली इंजिनिअर म्हणून मी मांडलं होतं. बहुतेक माल काही मिनिटांत बाहेर पडतो. पण थोडा कोपऱ्यात चिकटतो, करपतो आणि वाटेल तेव्हा सुटून येतो. आलेखात त्याचं लांबच लांब शेपूट दिसतं. मालक बजरंगशेठ यांनी मात्र फक्त सरासरी वाचली.

खंडेनवमीला सकाळी त्यांनी पूजेसाठी स्क्रू थांबवला. हीटर चालूच. पुन्हा तापवायला वीज कोण जाळणार! हार झाले, नारळ झाला, फोटो झाले, भाषणही झालं आणि तोवर आतला माल शिजत पडला. शेवटी शेठनी स्वतः मूठभर कुंकू दाण्यांत उधळून मशीन सुरू केलं. गुलाबी फिल्म बाजूला काढली, मग पांढरी यायला लागली आणि सगळे पेढे खायला गेले.

दुपारपाळीला कानिफनाथ मशीनवर आला. संध्याकाळी फिल्मवर काळे ठिपके उमटू लागले. अशी पिशवी ठिपक्यापाशी फुटते, दूध गळतं. शेठनी सगळ्या कामगारांना गोळा केलं.

"कानिफ, उद्यापासून येऊ नकोस. हीटर तूच वाढवलास. सकाळचा माल कधीच बाहेर गेला, मॅडमचंच गणित आहे हे."

"शेठ, म्या बटनाला हातबी लावला न्हाई," कानिफनाथ म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच गणिताने या माणसाचं घर बुडवायचं?

"शेठ, तुम्ही अर्धंच वाचलंत. ते शेपूट बघा!"

"ते शेपूट छाटा आणि सही करा. गिऱ्हाइकाला ठिपक्यांच्या कारणाचा कागद द्यायचाय."

"ते कागदात नाही, तुमच्या बॅरलमध्ये आहे!" मी ओरडलेच. "उघडा ते!"

"मशीन थांबणार नाही," शेठ म्हणाले. तोवर कानिफनाथने ते थांबवलंही होतं. हातमोजे चढवून त्याने पाना घेतला आणि तोंडामागचा गरम जोड सोडवला. आत करपलेल्या प्लास्टिकची जाड खपली धरली होती, आणि तिच्यात कुंकवाची लाल रेघ. सकाळचा माल तिथंच बसला होता. आता आलेखाची गरज कुणालाच नव्हती.

सगळे शेठकडे बघत राहिले. कानिफनाथसाठी ते एक तरी शब्द बोलतील, असं मला वाटलं.

"हे सगळ्यांसमोर उघडायची काय गरज होती?" शेठ मला म्हणाले. मग कानिफनाथकडे न बघताच, "हं, साफ कर आणि पाळी पूर्ण कर."

कानिफनाथने पाना शेठच्या हातात ठेवला.

"तुमीच साफ करा, शेठ. ज्यांच्याम्होरं मला हाकललं, त्यांच्याम्होरंच करा."

शेठ पान्याकडे बघत राहिले. कानिफनाथ जागचा हलला नाही. आम्हीही कुणी हललो नाही.