खडकी स्टेशनवरचा करंगळीएवढा दिवा

मित्रांनो, मी खडकी स्टेशनच्या फलाटावरचा एक जुना दिव्याचा खांब आहे. मला शोधायला खडकीला मात्र जाऊ नका. माझी उंची तुमच्या करंगळीएवढी, आणि माझं स्टेशन नारायण पेठेत, दिगंबरकाकांच्या जेवणाच्या टेबलावर आहे.

काकांनी सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात केली. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात. यांनी पुठ्ठ्याचं स्टेशन बांधायला घेतलं. माझा खांब म्हणजे इंजेक्शनची पोकळ सुई. एक तार पोटातून वर जाते, दुसरीचं काम सुई स्वतःच करते. डोक्यावर मोहरीएवढा एलईडी आणि त्यावर टोपी म्हणून हेमाकाकूंच्या ब्लाउजचं टिचबटण. काकू ते अजून शोधताहेत. मी गप्प आहे.

माझ्या थोरल्या भावाला काकांनी रेझिस्टर न लावताच बॅटरीला जोडलं. तो क्षणभर लखलखला आणि गेला. रेझिस्टर म्हणजे वीज फार उतू जायला लागली की "पुरे" म्हणणारं घरातलं वडीलधारं माणूस. ते मला लाभलं, म्हणून मी आज बोलतोय.

पण नुसतं पेटून काय उपयोग? खरं दिसायला हवं. टेबल अडल्यामुळे काकू आधीच तापल्या होत्या. त्यांनी निकाल लावला, "अहो, तुमचा दिवा मला खरा वाटला तर राहू दे स्टेशन. नाहीतर सगळं माळ्यावर." माळ्यावर गेलेली व्यायामाची सायकल पुन्हा कुणी पाहिली नव्हती. मी फार घाबरलो.

पहिल्यांदा मी पांढराफटक पेटलो. काकू म्हणाल्या, "दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय."

काकांनी मला पिवळा रंग फासला.

"आता कावीळ झाली त्याला."

काकांनी रंग पुसला, पातळ करून पुन्हा एक हात दिला आणि मोठा रेझिस्टर लावून माझा तोरा उतरवला. तोवर काकूंनी बघायचंच सोडलं होतं. रिकामी खोकी मात्र आणून ठेवली होती.

एका संध्याकाळी पेठेतली वीज गेली. काका मेणबत्ती शोधायचं सोडून माझ्या स्विचकडे धावले. फलाटावर मंद पिवळसर उजेड पडला. काकू कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, "आले एकदाचे दिवे!" म्हणाल्या आणि सवयीने हात जोडले.

"दिवे नाही आले," काका म्हणाले. "दिवा आला."

काकूंनी आधी मला पाहिलं, मग स्वतःचे जोडलेले हात पाहिले. "फसवलंत मला!"

"मी कुठे? हात तू जोडलेस."

नमस्कार केलेल्या दिव्याला माळ्यावर कोण टाकणार? खोकी रद्दीत गेली. आता दोघं जमिनीवर बसून जेवतात आणि उठताना एकमेकांना हात देतात. तिन्हीसांजेला माझा स्विच काकूच दाबतात, तेव्हा मला फार बरं वाटतं.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी टेबल अडवून काहीबाही करत बसलं असेल. ते माळ्यावर टाकण्याआधी घरातले दिवे एकदा मालवून बघा.