भवाया म्हणजे

“बापुजी, पाहुणे जाईपर्यंत तो शब्द नको,” भरतनं दारातच पुन्हा बजावलं. “आपलं आडनाव नायक. बस्स.”

“नायक मी कधी झालो रे? जन्मभर नायिकाच झालो!” पूंजीराम हसले.

मिसरूड फुटायच्या आधीपासून केस पिकेपर्यंत त्यांनी भवाईत, गुजरातच्या त्या लोकनाट्यात, बायकांचे वेश केले होते. आज गाव, उद्या गाव; देवीचा चौक आणि मशालीचा उजेड तेवढा सगळीकडे तोच. आज त्यांच्या नातीला, जिज्ञाला, बघायला अहमदाबादची माणसं आली होती. मुलामुलीनं आपसांत ठरवलंच होतं. फक्त थोरांचा होकार हवा होता.

बोलणी रंगात आली, तोच बाहेर नळावर दोघी शेजारणी एकमेकींवर कडाडल्या. मुलाच्या आत्यानं, हीराफोईनं, नाक मुरडलं. “काय हे भवायांसारखे भवाडे! चव्हाट्यावर नुसता तमाशा!”

भरतनं मान खाली घातली. पूंजीराम मुलाच्या आजोबांना पाणी देत होते. वडीलधारा पुरुष समोर. त्यांचा डावा हात आपोआप वर गेला, खांद्यावरचं उपरणं कपाळापर्यंत आलं, मान किंचित कलली. सासऱ्यासमोर सून घुंघट ओढते, तसं. त्या मुलखात याला लाज काढणं म्हणतात. भरतला वाटलं, बापानं खरंच लाज काढली.

“अगं बाई! हे कुठं शिकलात, काका?” फोईनं विचारलं.

पूंजीरामांनी उपरणं मागं सारलं. “मी भवायाच, बेन. भव म्हणजे संसार, आई म्हणजे आई. संसाराच्या आईपुढं नाचतो तो भवाया. आणि आमची भांडणंसुद्धा तालात असायची हं! त्या दोघींचा ताल पार सुटलाय.”

जिज्ञा फस्सकन हसली. मुलाचे आजोबा पेल्यात बघत राहिले. फोई मात्र पुढं सरकली. “वेशातले केस खरे होते? आणि ही मान? मान कोणी शिकवली?”

“बायकोनं. रुसायचं कसं, तेसुद्धा. ती गेली आणि मग कुणासारखं रुसावं, तेच कळेना.”

 फोई भरतकडे वळली. “गोळधाणा केलाय की नाही?”

भरत धावतच ताट घेऊन आला. लग्न ठरल्याची, गूळ-धण्यांची पहिली चिमूट फोईनं पूंजीरामांना भरवली आणि हळूच म्हणाली, “फक्त आमच्याकडे तो शब्द नको हं, काका. लोक मेले नावं ठेवतात.”

पूंजीरामांनी जिज्ञाकडे पाहिलं. ती लाजून हसत होती. त्यांनी मान डोलावली.

गूळ लगेच विरघळला. धणे मात्र दाताखाली बराच वेळ वाजत राहिले.