वळणापर्यंतचा नमस्कार

शिगेनोने टोपी मागे सारली, वाकली आणि गाडीच्या बोनेटला कान लावला.

"चालू आहे की बंद?"

"चालू आहे, उनोकी-सान," काशिवादा म्हणाला.

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"उभी असली की इंजिन झोपतं. हळू चालली तर मुद्दाम बारीक गुणगुणते, रस्त्यावरच्या लोकांना चाहूल लागावी म्हणून. थांबली की तेही नाही."

"म्हणजे कोणी खाली मान घालून उभं असलं, तर गाडी गेली की इथेच आहे, त्याला कळायचं नाही?"

काशिवादाने तिच्याकडे पाहिलं. साठीला टेकलेला माणूस, कपाळावर चष्मा, कोटाच्या कॉलरवर बर्फाचे दोन कण.

"नाही कळायचं," तो म्हणाला.

शिगेनो सरळ झाली. कान गारठून गेला होता, पण आत कुठेतरी ऊब आली होती.

गावाबाहेरच्या भातशेतांमधल्या या गाड्यांच्या दुकानात ती महिन्याभरात तिसऱ्यांदा येत होती. इथेच तिच्या नवऱ्याने, तादाओमीने, सव्वीस वर्षं गाड्या विकल्या. चार वर्षांपूर्वी त्याने एका गिऱ्हाईकाला खरं ते सांगितलं आणि महागडी गाडी विकायची राहिली. दुसऱ्या दिवशी, सतरा फेब्रुवारीला, सकाळच्या हजेरीच्या वेळी व्यवस्थापक काशिवादाने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. तादाओमी कमरेत वाकला, आणि काशिवादाचं बोलणं संपेपर्यंत वाकलेलाच राहिला.

घरी आल्यावर तो त्याबद्दल एकदाच बोलला. "अकरा मिनिटं," म्हणाला. "समोर भिंतीवर घड्याळ होतं, पण मला दिसत होती ती फरशी." त्यानंतर वसंतात त्याने नोकरी सोडली आणि पुढच्या हिवाळ्यात, दारातला बर्फ ओढता ओढता, फावड्यावर हात ठेवून बसला तो बसलाच.

तेव्हापासून शिगेनोने डूख धरला होता. कशी फेड करावी, ते मात्र सुचत नव्हतं. मग एके दिवशी या रस्त्याने जाताना तिला दिसलं: नवी गाडी घेऊन गिऱ्हाईक निघालं, आणि दुकानाच्या फाटकात काशिवादा कमरेत वाकून उभा राहिला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत वर बघायचं नाही, हा इथला शिरस्ता. रस्ता सरळसोट. वळण दूर.

गाडी मध्येच थांबली तर? गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक. त्याला कोण विचारणार?

तिची जुनी गाडी तशीही तपासणीत निकालात निघणार होती. तादाओमीच्या विम्याचे पैसे टपाल कार्यालयात तसेच पडून होते. ते याच कामी यावेत, असं तिने ठरवलं.

पहिल्या दिवशी तिने कागदावर नाव लिहिलं: उनोकी शिगेनो. काशिवादाने वाचलं, मान लववली आणि चहा मागवला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. या शंभर घरांच्या गावात उनोकी किती असतील! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला मातीत घातलं, त्याचं नावही याच्या लक्षात नाही.

मग तिने त्याला छळायला घेतलं.

"मला काही कळत नाही हो या नव्या गाड्यांतलं. बॅटरी म्हणता, पेट्रोल म्हणता. एका गाडीला दोन नवरे कशाला?"

काशिवादा हसला नाही. त्याने टेबलावर दोन चमचे ठेवले.

"हातगाडी समजा. हा इंजिन, हा मोटर. पहिल्या प्रकारात इंजिनच ओढतं. मोटर मागून नुसता हात लावते, चढावर. इंजिनाला फारशी सुट्टी नाही. दुसऱ्या प्रकारात ओढते ती मोटर. इंजिन घरात बसून तिच्यासाठी भात शिजवतं, म्हणजे वीज तयार करतं. तिसऱ्यात दोघं ओढतात. कधी हा, कधी तो, कधी दोघं मिळून. आणि चौथा प्रकार तिसऱ्यासारखाच, फक्त निघताना घरून डबा भरून घेतो. रात्री भिंतीला तार लावली की झालं."

शिगेनोच्या हातातला कप बशीवर वाजला. ही हातगाडी तादाओमीची होती. हा शिजवलेला भातही त्याचाच. जेवताना काड्या आडव्या ठेवून त्याने तिला कितीदा समजावलं होतं, आणि ती म्हणायची, "अहो, आधी खाऊन घ्या." या माणसाने त्याची नोकरी घेतली, आणि आता त्याच्या तोंडचे शब्दही घेऊन बसला होता.

"चौथीच देऊन टाका," ती म्हणाली. "सगळ्यात महाग तीच ना?"

"आपली गाडी कुठे उभी राहते?"

"भाड्याची जागा आहे. घरापासून तीनशे पावलं. तिथे विजेचा खांबही नाही."

काशिवादा टेबलाकडे बघत म्हणाला, "मग चौथी घेऊ नका. घरी तार लावायची सोय नसेल, तर रिकामा डबा वाहून नेल्यासारखं आहे. तिसरी पुरे."

याच वाक्यासाठी तादाओमीला उभं केलं होतं. याच, शब्दाला शब्द. शिगेनोने रुमाल तोंडाला लावला. संताप आवरायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "तिसरी."

दुसऱ्या खेपेला तिने रंग चारदा बदलला, आणि आज तिसऱ्या खेपेला गाडीला कान लावून खात्री केली. आता राहिला होता दिवस.

"सतरा फेब्रुवारीला नेईन," ती म्हणाली.

काशिवादाची लेखणी थबकली. "पंचांगात तो दिवस चांगला नाही. त्या दिवशी कोणी गाडी नेत नाही."

"आमच्या देवळात मुहूर्त मानत नाहीत. आणि गर्दी नको मला."

त्याने तारीख लिहिली. मग जरा वेळाने, न विचारताच, म्हणाला, "थंडी असेल. हीटर लावला तर इंजिन जागं होईल हं. आवाज येईल. बिघाड समजू नका."

हीटर लावायचा नाही, ही गोष्ट शिगेनोने मनात पक्की केली.

त्या सतराच्या आदल्या रविवारी देवळात गाणारे प्रवचनकार आले होते. ऐंशीचं वय, हातात मिटलेला पंखा. बोलता बोलता आवाज चढायचा, चढता चढता त्याचं गाणं व्हायचं, आणि सभामंडपातली सगळी डोकी एकदम खाली जाऊन ओठांतून बुद्धाचं नाव उमटायचं, "नामान्दाबु, नामान्दाबु." शिगेनो लहानपणापासून या सुरांवर वाढलेली. पण त्या दिवशी बुवांनी डोळे मिटून गायलं, "ज्याची वाट तू अडवून बसलीस, बाई, तोही माझ्याच दाराकडे निघालाय," आणि शेजारच्या योनेने पदर ओढावा तशी तिची बाही ओढली.

"अगं, नाव घे की! तोंडात काय बोरं धरलीत?"

"घसा बसलाय."

"बसलाय! परवा भाजीवाल्याशी भांडताना बरा होता."

शिगेनोचे ओठ हलले नाहीत.

सतरा तारखेला ओला बर्फ पडत होता. गाडी तापवून, पुसून, तोंड रस्त्याकडे करून ठेवली होती. काशिवादाने दोन्ही हातांनी किल्ली दिली. शिगेनो बसली. गाडी गुणगुणत फाटकाबाहेर पडली. आरशात काशिवादा आणि त्याच्या शेजारचा म्हातारा मेकॅनिक कमरेत वाकले.

चाळीस पावलांवर तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

गुणगुण बंद झाली. काही म्हणता काही आवाज नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि मग फक्त आरशाकडे.

दोन मिनिटांनी मेकॅनिकने हळूच डोकं वर केलं, उभी गाडी पाहिली आणि गडबडून पुन्हा वाकला. आत फोन वाजला असावा, तो पळाला. काशिवादा हलला नाही. चार मिनिटं. त्याच्या काळ्या कोटाची पाठ पांढरी होऊ लागली. वाक, अजून वाक, शिगेनो पुटपुटली. फरशी दिसते का? सहा मिनिटं. मेकॅनिक छत्री घेऊन आला. काशिवादाने मान न उचलता हाताने छत्री दूर सारली. नियमाचा पक्का, तिला वाटलं, नियमानेच मरशील. आठ. तिची बोटं बधिर झाली होती. ती एकेक श्वास मोजत होती, आणि मोजता मोजता आकड्यांच्या जागी देवळातलं नाव कधी यायला लागलं, तिला समजलं नाही. समजल्यावर तिने ओठ घट्ट मिटले आणि आकडे पुन्हा धरले.

अकरा.

झालं. फिटलं. आता निघायचं होतं. पण पाय ब्रेकवरून हलेना. बारावं मिनिट हे तिचं स्वतःचं, तिने ठरवलं. तादाओमीशिवाय जेवलेल्या जेवणांचं. गाडीत गारठा भरला होता. विचार न करता तिचा हात हीटरच्या बटणावर गेला.

इंजिन जागं झालं.

त्या मुक्या, पांढऱ्या रस्त्यावर तो आवाज केवढा तरी वाटला. आता तो डोकं वर करेल. चाळीस पावलांवरची गाडी पाहील, तिचा डाव ओळखेल.

काशिवादाने तो आवाज ऐकला, हे आरशात दिसलं. त्याचे खांदे हलले. मग गुडघ्यांवरचे हात सुटून नडग्यांपर्यंत घसरले, आणि तो आणखी खाली वाकला.

शिगेनो बघत राहिली. हातगाडी, भात, रिकामा डबा, लेखणी थबकलेली ती तारीख. हीटरचा तो न विचारता दिलेला इशारा. एकेक गोष्ट बर्फाच्या कणासारखी येऊन काचेवर बसत होती. पहिल्या दिवसापासून याने तिला ओळखलं होतं.

अकरा मिनिटांनंतर तादाओमीला सरळ हो म्हणून कोणी सांगितलं होतं, हे तिने त्याला कधी विचारलंच नव्हतं.

तिने ब्रेक सोडला. गाडी सरळ रस्त्याने निघाली. आरशातली आकृती लहान होत गेली, वाकलेलीच. वळणावर समोरून कोणी येत नव्हतं, मागे कोणी नव्हतं. तरी शिगेनोने हॉर्न वाजवला, एकदाच, त्याला ऐकू जाईल इतका.